ऑफिसची वाटाघाट अर्धी घरातच झालेली असते

काही वर्षांपूर्वी मला टीम लीड व्हायची ऑफर आली. मॅनेजरने केबिनमध्ये बोलवून सांगितलं आणि शेवटी सहज म्हणून जोडलं, "संध्याकाळचे कॉल असतात हं, जमेल ना?" मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." त्याच्या आदल्या वर्षी माझ्याच बरोबरच्या एकाला हीच ऑफर आली होती, आणि त्याने मला नंतर जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं की त्याचा पहिला प्रश्न होता, "पगार किती वाढणार?" संध्याकाळच्या कॉलचं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मी पद घेतलं. पैशाचं काहीच बोलले नाही, फक्त एवढंच मागितलं की आठवड्यातून दोन दिवस मला सहाला निघू द्या, मुलाला क्लासहून आणायचं असतं. मॅनेजर लगेच हो म्हणाला, मला वाटलं किती चांगला माणूस. मग अप्रेझलला मी पगाराचा विषय काढला तेव्हा तोच शांतपणे म्हणाला, "अगं पण तुला फ्लेक्सिबिलिटी दिलीये ना आपण." म्हणजे माझ्या इन्क्रिमेंटच्या जागी ते दोन दिवस धरले गेले होते. आणि गंमत अशी की ते दोन दिवस मला ऑफिसकडून मागायची वेळ आली कारण घरी ते मी कोणाकडे मागितलेच नव्हते. मुलाला मी किंवा नवरा, दोघांपैकी कोणीही आणू शकत होतं, पण तो विषय घरात कधी निघालाच नाही, त्यामुळे त्याची किंमत ऑफिसात चुकती झाली.

बायका आणि वाटाघाट या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक "आत्मविश्वासाने मागा" याच्या पुढे जात नाही, म्हणून हे सगळं जरा नीट उलगडून लिहितेय.

आधी वाटाघाट म्हणजे काय ते बघू. आपल्या डोळ्यासमोर घासाघीस येते, एक दहा म्हणतो, दुसरा पाच म्हणतो आणि शेवटी साडेसातला ठरतं. ती तडजोड झाली, वाटाघाट त्याहून मोठी गोष्ट आहे. जिथे दोघांना वेगवेगळं काहीतरी हवंय आणि दोघांपैकी कोणाचंच दुसऱ्याशिवाय भागत नाही तिथे जे काही बोलणं होतं (किंवा होत नाही) ती सगळी वाटाघाटच. मग सुट्टीत कोणाच्या घरी जायचं, रात्री मूल उठलं तर कोणी उठायचं, मीटिंगचे मुद्दे कोणी लिहून घ्यायचे हे सगळं त्यातच आलं. फक्त बाई हे करते तेव्हा त्याला वाटाघाट म्हणत नाहीत, "जुळवून घेणं" म्हणतात, आणि जुळवून घ्यायचं कोणी हे आधीच ठरलेलं असतं.

हा तडजोड आणि वाटाघाट यातला फरक सगळ्यात छान सांगितला तो एका बाईनेच, शंभर वर्षांपूर्वी. मेरी पार्कर फॉलेट नावाची अमेरिकन विचारवंत होती, १९२५ साली एका व्याख्यानात तिने खिडकीचा किस्सा सांगितला. हार्वर्डच्या लायब्ररीत एका छोट्या खोलीत ती बसली होती, कोणालातरी खिडकी उघडी हवी होती आणि हिला बंद. अर्धी उघडली असती तर दोघंही निम्मे नाराज. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण समोरच्याला खरं तर हवा पाहिजे होती आणि हिला फक्त अंगावर येणारा थेट वारा नको होता. माणूस जे मागतो ते आणि त्यामागची त्याची गरज, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. गरज कळली की तिसरा रस्ता सापडू शकतो. पण त्यासाठी "मला वारा नको" हे तोंडाने म्हणावं लागतं, आणि आपण किती वेळा नुसती शाल गुंडाळून बसतो.

आता दुसरी कल्पना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. रॉजर फिशर आणि विल्यम युरी या वाटाघाटीच्या दोन अभ्यासकांनी १९८१ मध्ये तिला एक नाव दिलं, बॅटना. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, अर्थ साधा आहे: बोलणी फिसकटली तर तुमच्या हातात काय उरतं? ज्याच्या हातात दुसरी नोकरीची ऑफर आहे तो पगार मागताना निवांत असतो, ज्याच्या हातात काही नाही तो कितीही छान बोलला तरी त्याचा आवाज कापतो. लोक याला आत्मविश्वास म्हणतात, पण आत्मविश्वास बराचसा बाहेर पडायच्या दारावर अवलंबून असतो, ते उघडं आहे की बंद. म्हणून कुठलीही मोठी मागणी करण्याआधी कसं बोलायचं याची तालीम नंतर करा, आधी स्वतःला विचारा की समोरच्याने नाही म्हटलं तर मी काय करणार आहे.

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे येऊ, "बायका मागतच नाहीत." हे कुठून आलं? लिंडा बॅबकॉक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आपल्या विद्यापीठातल्या मास्टर्स करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना विचारलं की पहिल्या नोकरीची ऑफर आल्यावर तुम्ही पगार वाढवून मागितला का. मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागितला होता, मुलींपैकी फक्त ७ टक्क्यांनी. आणि मुलांचा सुरुवातीचा पगार सरासरी ७.६ टक्के जास्त होता. सात-साडेसात टक्के म्हणजे काय मोठंसं असं वाटतं ना? मी कागदावर मांडून बघितलं. एकाला वर्षाला १०० मिळतात, दुसऱ्याला १०७.५, दोघांनाही दरवर्षी ५ टक्केच वाढ मिळाली आणि दोघं ३० वर्षं राहिले, तर एकूण फरक होतो जवळजवळ ५००. म्हणजे कमी पगारावर हो म्हणणाऱ्या माणसाने सुरुवातीच्या दराने अख्खा पाच वर्षांचा पगार सोडला. तोही पहिल्या दिवशीच्या पाच मिनिटांच्या भिडेपायी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

पण इथेच थांबलं तर गोष्ट अर्धवट आणि बायकांवर जरा अन्याय करणारी होते. नंतरच्या अभ्यासांनी चित्र पुष्कळ बदललं. ऑस्ट्रेलियातल्या साधारण ४,६०० कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून २०१८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात कामाचे तास वगैरे सारखे धरून तुलना केली तर बायका पुरुषांइतक्याच वेळा पगारवाढ मागत होत्या. मिळत मात्र होती पुरुषांना २० टक्के वेळा आणि बायकांना १५ टक्के वेळा. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या बिझनेस स्कूलमधून २०१५ ते २०१९ या काळात एमबीए झालेल्यांमध्ये तर ५४ टक्के बायकांनी ऑफरवर वाटाघाट केली आणि पुरुषांपैकी ४४ टक्क्यांनी. म्हणजे मागतायत की. तरी "तुम्ही मागत नाही म्हणून मिळत नाही" हे वाक्य काही जात नाही, कारण ते सोयीचं आहे, त्यात पगार देणाऱ्याला काहीच बदलावं लागत नाही.

मग खरी अडचण काय? मागितल्याची शिक्षा. हॅना राइली बोल्स, बॅबकॉक आणि आणखी एका संशोधिकेने २००७ मध्ये प्रयोग केले, लोकांना उमेदवार दाखवले, काही मुकाट ऑफर घेणारे आणि काही जास्त मागणारे, आणि विचारलं, याच्याबरोबर काम करायला आवडेल का. जास्त मागणाऱ्या बाईबद्दलचं मत मागणाऱ्या पुरुषापेक्षा जास्त खराब झालं. आपल्याला हे सांगायला प्रयोग लागत नाही खरं तर, आपल्याकडे त्यासाठी शब्दच आहेत. पुरुषाने मागितलं तर "त्याला स्वतःची किंमत कळते", बाईने मागितलं तर "आगाऊ आहे", "हिशोबी आहे", "डोक्यावर बसेल." तेव्हा मागताना जी धाकधूक होते तो नेहमी न्यूनगंड नसतो, बऱ्याचदा तो अनुभव असतो. २०२० चा एक प्रयोग तर सांगतो की बायकांवर वाटाघाट करायची सक्ती केली तर त्यांचं नुकसान होतं. कारण कधी मागावं आणि कधी सोडावं हे त्यांना स्वतःला बऱ्यापैकी अचूक कळत होतं, आणि सक्तीने ती निवडच काढून घेतली.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. २०१० मधल्या एका अभ्यासात बायकांना स्वतःच्या पगारासाठी बोलायला सांगितलं तर त्या आखडत्या हाताने मागत होत्या, पण मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी बोलायला सांगितलं तर पुरुषांच्या बरोबरीने मागत होत्या. दुसऱ्यासाठी शब्द टाकायचा म्हटलं की आपली जीभ कशी मोकळी होते बघा! भावाच्या नोकरीसाठी, टीममधल्या नवीन मुलीसाठी, मुलाच्या ॲडमिशनसाठी. तीच बाई, तेच कौशल्य. म्हणजे येत नाही असं नाहीच, स्वतःसाठी वापरलं की त्याचे दंड भरावे लागतात म्हणून ते झाकून ठेवलेलं असतं.

यावरून एक युक्ती निघते, ती चालते म्हणून सांगते पण मला ती मनापासून आवडत नाही हेही सांगते. मागणी "मला पाहिजे" अशी न मांडता कामाशी आणि टीमशी जोडून मांडायची. "या पदाचा पगार एवढ्या ते एवढ्या दरम्यान असतो असं मला कळलं, आमच्या टीममधल्या सिनियरनी सुचवलं की हे तुमच्याशी बोलावं, आणि क्लायंटशी असंच खमकेपणाने बोलायचं काम मी करणारच आहे." अशा मांडणीने शिक्षा कमी होते हे बोल्स आणि बॅबकॉक यांनी २०१३ मध्ये दाखवलं. पुरुषाला एवढा साखरेचा लेप लावावा लागत नाही हे मला कळतं, पण बदल होईपर्यंत घरभाडं भरायचं असतंच.

त्याहून चांगला उपाय नियमातच आहे. साधारण २,५०० नोकरी शोधणाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगात जाहिरातीत नुसतं "पगारावर बोलता येईल" एवढं स्पष्ट लिहिलं तर बायका आणि पुरुष यांच्यातला मागण्यातला फरकच नाहीसा झाला. लिहिलं नाही, सगळं मोघम ठेवलं, तर पुरुष पुढे. म्हणजे मोघमपणा हा कोणाच्या बाजूचा असतो ते कळतं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये जो पगार-पारदर्शकतेचा कायदा केला त्यात मालकाने पगाराचा पट्टा, म्हणजे किती ते किती, उमेदवाराला आधी सांगायचा आणि तिचा आधीचा पगार विचारायचा नाही असं आहे, ते याचसाठी. जुना पगार विचारला की जुनी भीड नव्या ऑफिसात पण सोबत येते. जिथे असा कायदा नाही तिथे आपणच विचारायचं, "या पदासाठी बजेट किती आहे?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं भयंकर अवघड जातं, दहा सेकंदांची शांतता झाली की आपण स्वतःच "नाही म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल" असं बोलून मोकळ्या होतो. समोरचा काही बोललाच नसतो, आपण आपल्याशीच वाटाघाट करून हरलेल्या असतो. आणखी एक, सगळे मुद्दे एकत्र बोलायचे. मी जी चूक केली ती हीच, आधी वेळ मागितली, पैशाचं नंतर बघू म्हटलं, मग नंतर पैशाच्या वेळी वेळच पुढे केली गेली. पद, पगार, वेळ, हाताखाली माणसं किती, सगळं एकाच बैठकीत काढलं असतं तर मला निदान कळलं असतं की कशाच्या बदल्यात काय चाललंय.

पगाराइतकीच खर्चिक पण कोणाच्या लक्षात न येणारी वाटाघाट म्हणजे फुटकळ कामांची. मीटिंगचे मुद्दे लिहिणं, निरोप समारंभ, नवीन आलेल्याला सगळं दाखवणं. कामं गरजेची असतात पण त्यावर प्रमोशन कोणाला मिळत नाही. यावर बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रयोग आहे. तीन जणांचा गट, दोन मिनिटं, कोणीतरी एकाने बटण दाबायचं, दाबणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा कमी पैसे, कोणीच नाही दाबलं तर सगळ्यांनाच कमी. मिश्र गटात बायकांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा हात वर केला. पण गट फक्त बायकांचा केला की त्यांचं प्रमाण उतरलं, फक्त पुरुषांचा केला की पुरुषांचं चढलं, दोन्ही गट सारखेच! म्हणजे बायका स्वभावाने सेवाभावी वगैरे नसतात. खोलीत बाई असली की ती करेल असं सगळे धरून चालतात, त्यात ती स्वतः पण आली. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, गृहीत धरणं. यावर "मी करणार नाही" म्हणण्यापेक्षा "या महिन्यात मी केलं, पुढच्या महिन्यात पाळी कोणाची?" हे जास्त चालतं, कारण नकाराला चेहरा असतो आणि पाळीपत्रकाला नसतो.

गृहीत धरणं म्हटलं की आपण घरात येतोच. जगभरातलं बिनपगारी घरकाम आणि सांभाळायचं काम मोजलं तर त्यातले ७६ टक्के तास बायकांचे असतात, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा आकडा आहे, दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुषांचा १ तास २३ मिनिटं. हे असं का राहतं याचं उत्तर अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये एका लेखात फार नेमकं दिलं होतं. ते म्हणतात घरात सहकार्य असतं आणि त्याच वेळी हितसंबंधांची ओढाताणही असते, दोन्ही एकत्र. त्यात कोण नमतं घेतं? ज्याची घर मोडल्यावरची अवस्था जास्त वाईट तो. जो स्वतःचं हित घराच्या हितापेक्षा वेगळं मोजतच नाही तो. आणि ज्याचं योगदान कमी वाटतं तो. वाटतं हा शब्द महत्त्वाचा, असतं नव्हे. बारा तास राबूनसुद्धा "मी घरीच असते, काही करत नाही" म्हणणाऱ्या बाईची बाजू तिने स्वतःच लंगडी केलेली असते, आणि तसं म्हणायला तिला शिकवलेलं असतं. यातला पहिला मुद्दा म्हणजे तीच बॅटना बरं का, फक्त घरातली.

पैसा कोणाच्या हातात येतो यानेसुद्धा खूप फरक पडतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची करसवलत, जी बापाच्या पगारात दिसायची, ती बंद करून रोख भत्ता थेट आईला द्यायला लागले. नंतर खर्च तपासले तर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. घरात सगळ्यांचं हित एकच असतं तर पैसे कोणत्या खिशात आले याने काय फरक पडला असता? आणि योगदान दिसण्याबद्दल म्हणाल तर आइसलंडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला ते दाखवून दिलं, साधारण ९० टक्के बायकांनी त्या दिवशी ऑफिस आणि घर दोन्हीकडचं काम बंद ठेवलं. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला.

पण घरातलं सगळ्यात अवघड काम हाताने करायचं नसतंच, डोक्यात असतं. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईने ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार भाग पाडले. आधी ओळखणं की काहीतरी लागणार आहे, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं, आणि शेवटी झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवण्यात दोघं बऱ्यापैकी बरोबरीने असतात, कारण ठरवणं दिसतं आणि त्यात मान पण असतो. आधी ओळखणं आणि शेवटी लक्ष ठेवणं ही दोन्ही टोकं बाईकडे. म्हणूनच "सांगितलं असतंस तर केलं असतं" हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते आणि का जाते ते नीट सांगता येत नाही. सांगणं हेच तर काम होतं!

त्यामुळे घरी बोलायचं तर "मला मदत कर" असं नाही बोलायचं. मदत म्हटलं की काम आपलंच राहतं. एक अख्खी गोष्ट उचलून द्यायची, आठवण ठेवण्यासकट, आणि ती आपल्यासारखी होणार नाही हे आधीच मान्य करायचं, हा भाग कडू आहे कारण त्या घरकामात आपली सत्ता पण असते थोडी, ती पण सोडावी लागते. आणि हे भांडी घासता घासता आदळआपट करत नाही बोलायचं, तेव्हा ती तक्रार होते. हेही सांगायला हवं की जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे यातलं काही लागू होत नाही, तिथे वाटाघाट नाही, बाहेरची मदत आणि सुरक्षित जागा लागते.

माझ्या घरी मी शेवटी एका रविवारी दुपारी नवऱ्याशी बोलले. मला नक्की काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवलं होतं, मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ पूर्ण त्याची, क्लास, बॅग, डबा, औषध, जे असेल ते. तो म्हणाला, "एवढंच ना?" आणि मला कळेना हसू की रडू, कारण इतकी वर्षं मी हे मागितलंच नव्हतं, आणि त्यालाही ते कधी दिसलं नव्हतं. त्याची गरज वेगळी होती, त्याला "कसं करायचं" हे फोनवरून सांगितलेलं नको होतं. ठरलं, मी फोन करणार नाही.

पहिल्या मंगळवारी पोहण्याची बॅग घरीच राहिली. कॉल चालू असताना माझ्या फोनवर त्याचे दोन मिस्ड कॉल दिसत होते, मी फोन उलटा ठेवला, हात अक्षरशः शिवशिवत होते. गुरुवारी बॅग गेली, टॉवेल राहिला. तिसऱ्या आठवड्यात कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला, त्याच्या त्या किड्यामुंग्यांसारख्या अक्षरात यादी: गॉगल, टोपी, टॉवेल, कोरडे मोजे. चप्पल लिहायची राहिली होती. मी पेन शोधायला वळले, आणि मग कपाट बंद केलं.